कोपर नव्वद अंशात

नव्वद अंशातच आहे की कोपर! मोजा ना, एवढी टेप घेऊन आलायत. कंपनीने आमच्या पाठी-माना सांभाळायला पाठवलंय म्हटल्यावर मोजा मनसोक्त, मी आपली काम करत राहते — छे, थांबून कसं चालेल? बोटं तीन मिनिटं थांबली की त्या काचेच्या केबिनमध्ये साहेबांना कळतं. आणि तुमच्या पत्रकात काय, तर दर अर्ध्या तासाने उठा, पाच मिनिटं फिरून या. वा! कुणी लिहिलं हो हे? आमच्या साहेबांना दाखवलंत का आधी? आणि तुम्ही स्वतः बघा कसे उभे आहात — पोक काढून, मोबाइलमध्ये मान घालून — आणि मला शिकवताय ताठ बसायला! एकवीस वर्षं विम्याचे अर्ज भरतेय मी या टेबलावर. तेव्हा तुम्ही बोबडं बोलत असाल.

स्क्रीन डोळ्यांसमोर हवी? आहे. खाली जुन्या नियमपुस्तिका रचल्यात, त्यांचा तेवढाच उपयोग. पायाखाली कागदाचं खोकं. हे सगळं आम्हीच केलंय, कुणी टेप आणली नव्हती.

माउस? डावीकडे आहे, मग? सवय. नाही, डावखुरी नाही मी — खुर्च्या बघायला आलात ना, मग खुर्च्या बघा! उजव्या हाताला जराशा मुंग्या येतात, बस्स. कुणाला येत नाहीत? — अहो, लिहिताय काय? खोडा. आधी खोडा ते! ही शेजारची रिकामी खुर्ची दिसतेय? हिच्यावर एक बाई बसायची. गेल्या वर्षी तुमच्यासारखाच एकजण असाच फॉर्म घेऊन आला, ‘त्रास होतो का?’ — तर या बाईसाहेबांनी सरळ ‘हो’ लिहिलं. प्रामाणिकपणा उतू चालला होता! आठवड्यात तळघरात बदली, महिन्याभरात कायमची घरी. आम्ही बाकीच्यांनी ‘नाही’ लिहिलं. अख्ख्या मजल्यावर एकाचीही मान दुखत नाही, बघा काय तब्येती आहेत!

घरी? घरी कशाला त्रास होईल? माझी वेणी तर आमचे हेच घालून देतात. कारखाना बंद पडल्यापासून घरीच असतात, त्यांनाही काहीतरी उद्योग. वाकडी घालतात, पण घट्ट. लेकीला वाटतं, बाबा हौसेने शिकले. तिची शेवटची दोन वर्षं राहिलीत कॉलेजची, तिला काय सांगायचं, की आईला स्वतःचं बटण लावता येत नाही म्हणून — हसू नका. हसत नाही? मग तसा चेहरासुद्धा करू नका, तो तर त्याहून वाईट. टाइप होतंय ना मला? त्यात बोटं नुसती आपटायची असतात, धरायचं काही नसतं. दोन वर्षं सहज निघतील.

झालं तुमचं? ‘त्रास नाही’वर खूण केलीत? शहाणे आहात. सही? आत्ता? ठेवा तिथे, नंतर करते. — तुमच्यासमोरच करायची? काय एकेक नियम काढतात लोक! द्या इकडे ते पेन.

निसटलंच बघा, गुळगुळीत आहे हो फार. असली कसली पेनं देतात तुम्हाला? — हां, द्या परत.

राहू दे. उचलू नका. — उचलू नका म्हटलं ना! पुढच्या टेबलाकडे जा तुम्ही. आणि असं बघू नका माझ्याकडे.