डॉक्टर हिम्मतरावांचं कार्ड-बंद

नाही, पण मी म्हणतो, पंखा एकवर ठेवू की दोनवर हे ज्याला बायकोला विचारावं लागतं, त्याला संपाचा अध्यक्ष करायचं? आमचे डॉक्टर हिम्मतराव हो! बरकतपुऱ्यात छोटंसं नर्सिंग होम, हे सर्जन, भूल द्यायला बायको, त्रिवेणीबाई. नाव हिम्मतराव, आणि फोन वाजला तरी दचकतात! तुम्हाला सांगतो, ही विम्याची कार्डं नवी नवी आली तेव्हा सगळे डॉक्टर खूश... पेशंटनं कार्ड दाखवायचं, पैसे कंपनी देणार. आणि एक दिवस कंपनीनं अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा दर केला निम्मा! निम्मा! म्हणजे काय, पोट आम्ही उघडायचं आणि टाके घालायला शेजारी पाठवायचं?

झालं! नारायणगुड्यात डॉक्टरांची सभा, टेबलावर मुठी, 'सोमवारपासून कार्ड बंद! घेईल तो फितूर!' आणि अध्यक्ष कोण? हिम्मतराव! का? तर तेवढे एकटेच गप्प बसले होते! घाबरायचं नाही तर काय करायचं माणसानं?

आणि सोमवारी सकाळी दारात कोण? मलकपेठचे किराणावाले नामदेवराव, हातावर मुलगी, भाग्यलक्ष्मी, पोट धरून कण्हतेय...

'डाक्टरसाब, कार्ड हाय ना माझ्याकडं!'

'कार्ड आजपासून बंद आहे हो... मी फुकट करतो.'

'फुकट नक्को साब! हप्ता भरलाय मी, चोरी केली काय?'

हिम्मतरावांनी पोटाला हात लावला मात्र, पोरगी किंचाळली. अपेंडिक्स फुटायच्या बेतात! इकडे पोरगी, तिकडे ठराव, आणि हे बघतायत बायकोकडे! त्रिवेणीबाई म्हणतात कशा, 'माझ्याकडे काय बघता? त्या आतड्याला तुमचा ठराव कळतो का? हात धुवा!'

धुतले! पोरगी वाचली हो, शुद्धीवर येताच इडली मागायला लागली... पण बिल गेलं ना कंपनीला! अध्यक्षच फितूर! आठवडाभर हिम्मतराव स्कूटर गल्लीबोळातून काढतायत, कुणी डॉक्टर दिसला की मान खाली. घाबरायचं नाही तर काय करायचं माणसानं?

पुढच्या सभेला कंपनीचा साहेब आला, पुष्कर नावाचा, पुण्याचा, गोड बोलणारा. हिम्मतराव खुर्चीत घामाघूम... आता हा माझं नाव घेणार!

'संप?' पुष्कर म्हणाला. 'कुठला संप? मला वाटलं, आभार मानायला बोलावलंत! या आठवड्यात तर तुम्हा सगळ्यांची बिलं आलीत... नव्या दरानं!'

सगळ्यांची! कुणी छताकडे बघतंय, कुणी चहाच्या कपात बुडालेलं बिस्कीट शोधतंय.

'म्हणजे... तुम्हीपण?' हिम्मतरावांना कंठ फुटला.

'मग काय करू?' एक जण खेकसला. 'म्हातारा दारात तडफडत होता!'

'म्हणजे परवडतंय की!' पुष्कर उठला. 'छान! पुढच्या महिन्यात हर्नियाचाही दर बघू.'

तो गेला आणि पुन्हा मुठी, पुन्हा घोषणा, येत्या सोमवारपासून कडकडीत बंद! अध्यक्ष? आहेत की! घाबरायचं नाही तर काय करायचं माणसानं?

घरी आले. त्रिवेणीबाईंनी विचारलं, 'काय ठरलं?'

'सोमवारपासून कडकडीत बंद.'

'बरं. मग सोमवारचं ते हर्नियाचं कार्डवालं ऑपरेशन सकाळी ठेवू की दुपारी?'

'सकाळी ठेव,' हिम्मतराव म्हणाले, 'दुपारी घोषणा द्यायला जायचंय.'