खुर्चीखालचा प्रबंध

कान तपासायच्या रांगेत माझ्यापुढे एक प्राध्यापक आणि बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या.

“माझ्या पुस्तकासाठी आठ वर्षं शोधला हो आमच्या सरांचा तो प्रबंध! सूर किती हलला की कानाला कळतं, त्यावरचा. सापडला कुठे? तळघरात, मोडक्या खुर्चीच्या पायाखाली!”

“मग जागा बरोबर होती त्याची.”

“अहो, काय बोलताय! अमूल्य काम आहे ते.”

“ठाऊक आहे. त्यासाठी पेटीतल्या दोनशे पितळी पट्ट्या माझ्या वडिलांनी घासून घासून सुरात लावल्या. तुमचे साहेब नुसते आकडे टिपत बसायचे. वडिलांचं नाव आहे त्यात?”

“आहे ना, आभारात. ‘एक कारागीर’.”

“आणि तुम्ही लिहिताय त्या पुस्तकात?”

“मी... तेच उतरवून घेतलंय.”

“मग ती खुर्ची आता डुगडुगत असेल. पुस्तक छापून आलं की ठेवून या तिच्या पायाखाली.”