शिवण भरायला दोन माणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तंबूच्या कारखान्याचे धाकटे मालक, माझ्याविषयी इतकं गोड बोलून दमलेले व्यासपीठावरचे पाहुणे, कटिंगची टेबलं भिंतीला सरकवून त्यांच्यावरच बसलेल्या शिलाई विभागातल्या माझ्या मैत्रिणींनो, पॅकिंगमधली मंडळी, आणि तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले आमचे मास्तर, सर्वांना माझा नमस्कार.

नव्या मुलींना माहीत नसेल, मास्तर म्हणजे माझे यजमान. याच हॉलमध्ये ते कापड कापायचे आणि मी शिवायची. माझ्याआधी दोन वर्षं ते निवृत्त झाले. आज त्यांचा चेहरा असा का आहे, हे सांगितल्याशिवाय माझं भाषण पुढे सरकणार नाही.

पण आधी या खुर्चीबद्दल आभार. आरामखुर्ची फारच सुंदर आहे. मागे रेलते, पाय वर येतात, सगळं काही आहे. धाकटे मालक आत्ता म्हणाले, "बाई, आता बसा निवांत." त्यांचा हेतू चांगला आहे, मला शंका नाही. पण मी आयुष्यभर केलं काय? बसूनच तर शिवलं! आता मला उठायचंय.

परवा सकाळी मी डोंगरधारेच्या वाटेने चालायला निघतेय. एकटी. ही वाट सरायला तीन आठवडे लागतात म्हणे, मला चार लागतील. हं, आता कुजबुज नको. मला ऐकू येतं.

का, म्हणून विचाराल. दुरुस्तीला आलेला तंबू मी उलगडते, तेव्हा त्याच्या घडीतून वाळू पडते, वाळलेली पानं पडतात, कधी एखादा मेलेला भुंगा. इतकी वर्षं मी तो कचरा झाडत आले आणि मनात म्हणत आले, हा तंबू कुठे कुठे जाऊन आला, आणि मी कुठे गेले? इतके तंबू शिवले, पण एकातही कधी झोपले नाही. याचं मला वाईट वाटतं, अगदी खरं सांगते.

अडचण होती पाठीची. मशिनवर वाकून वाकून ती गेलेली. डॉक्टर म्हणाले, "चाला खुशाल, पण पाठीवर सात किलोच्या वर एक रुमालसुद्धा नको." आता सात किलोत अंथरूण, पांघरूण, कपडे, पाणी, खाणं आणि वर डोक्यावरचं छप्पर! म्हणजे छप्पर किलोच्या आत बसलं तरच मी जाणार, नाहीतर ही खुर्ची आहेच.

आमचे चिरंजीव म्हणाले, "आई, ते पांढरं कागदासारखं कुरकुरणारं कापड घे की, सगळ्यात हलकं." हलकं आहेच, आणि भिजून ताणलंही जात नाही. पण एकाच घडीवर पुन्हा पुन्हा दुमडलं की तिथे झिजतं, आणि सुईचं भोक पडलं की पडलं. त्याला चिकटपट्ट्या लावून जोडावं लागतं. मी शिवणारी बाई, मला पट्ट्या कुठे चिकटवायला सांगता? मग नायलॉन. मजबुतीला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण पावसात ते सैल पडतं. मध्येच उठून, भिजत, दोऱ्या ताणत बसायचं. या वयात कुणी सांगितलंय? म्हणून मी सिलिकॉन लावलेलं पॉलिएस्टर घेतलं. थोडं जड, पण संध्याकाळी ताणलं तसंच सकाळी. खांब वेगळे घेतलेच नाहीत, चालायच्या दोन काठ्याच खांब. जेवणाच्या टेबलावर तंबू शिवला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. किलोला बराच कमी भरला. मी नाचायचीच बाकी होते.

आणि एके दिवशी बाजारातून घरी आले, तर तंबू धुण्याच्या मशिनमध्ये गरगर फिरतोय. साबणासकट!

हसताय काय? ज्या माणसाने या हॉलमध्ये प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी बजावलं, की तंबू मशिनमध्ये घालायचा नाही, पाणी अडवणारा लेप जातो, मळला तर गार पाण्यात ओल्या फडक्याने पुसायचा, त्या माणसाने! वर म्हणतात काय, "मला वाटलं पडदा आहे." मास्तर, अंधारात नुसतं बोटांनी चाचपून कापडाची जात सांगणारे तुम्ही. तुम्हाला पडदा वाटला? गच्चीवर तंबू उभा करून वरून पाणी ओतलं, तर आतली चादर निथळत होती.

मी चिडले. पण त्याहून जास्त वाईट वाटलं. मला अडवायचं होतं, तर तोंडाने अडवायचं. बरेच दिवस आम्ही मीठ-पाण्यापुरतंच बोललो. शेवटी एकदा जेवताना ताट बाजूला सारून म्हणाले, "मला भीती वाटते. तू तिकडे एकटी पडलीस-झडलीस तर मी इथे काय करू?" मी म्हटलं, "भीती मलाही वाटते. पण न जाता म्हातारी झाले, तर त्याची जास्त वाटते." मी त्याच टेबलावर नवं कापड पसरलं.

दुसरा तंबू तयार आहे. फक्त माथ्याची शिवण भरायची राहिलीय. पाहुण्यांसाठी सांगते, सुईने कापडाला भोकं पडतात आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. म्हणून शिवणीवर लेप भरतात. आपल्याकडे हे काम एकट्याला कधीच देत नाहीत. एकाने शिवण दोन्ही हातांनी ताणून धरायची, म्हणजे भोकं उघडतात, आणि दुसऱ्याने ब्रश फिरवायचा. मी मास्तरांना दोनदा म्हटलं, "धरता का?" दोन्ही वेळा त्यांना नेमकं वर्तमानपत्र वाचायचं होतं. तिसऱ्यांदा मी विचारणार नाही. दाराच्या दोन खिळ्यांना बांधीन आणि भरीन. नीट नाही भरली, तर थेंब थेंब गळेल. गळू दे. मी जाणार.

मुलींनो, जाता जाता तुम्हाला एवढंच. ओला तंबू पिशवीत कोंबून कपाटात टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला रागवायला लाजू नका. लेप चिकट होतो, कुबट वास मारतो आणि मग नाव आपलं जातं. घरी सैल ठेवायला सांगा, उन्हात विनाकारण उभा ठेवू नका म्हणावं, उन्हाने कापड आतून कुजतं. आणि वाकून शिवताना अधूनमधून उठत जा गं. माझी पाठ बघा आणि उठा.

धाकटे मालक, तुमचे, तुमच्या वडिलांचे आणि या हॉलचे माझ्यावर फार उपकार आहेत. खुर्ची शिलाई विभागात ठेवावी, ज्या मुलीची पाठ धरेल तिने बसावं, अशी माझी विनंती आहे. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, घरातलं चव्हाट्यावर आणलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. मी आपली रजा...

काय म्हणालात, मास्तर? मागे ऐकू येत नाहीये, जरा उभं राहून बोला.

विचारतायत, "लेप कुठला आणलास?"

सिलिकॉनचा आणलाय. त्या कापडावर दुसरा धरत नाही, सालपटासारखा सुटतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. आता आणखी काय?

ऐकलंत, मंडळी? म्हणतायत, "मग लवकर आटप. आज भरली तरच परवापर्यंत वाळेल. मी धरतो."

अध्यक्ष महाराज, चहाला थांबता येणार नाही. माफ करा, आम्ही निघतो.