बन्सीशेठचे दोन गुडघे

सन्माननीय अध्यक्ष श्रीमंतराव, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, अहिल्यानगरातले माझे डॉक्टर मित्र, आमच्या रुग्णालयातल्या सिस्टर, ब्रदर, मामा-मावश्या, खास घोडेगावाहून आलेले बन्सीशेठ, आणि आजच्या उत्सवमूर्ती डॉक्टर सत्यशीलाबाई,

बाई येत्या शनिवारी आपलं रुग्णालय सोडून नाशिकला चालल्या आहेत. अशा वेळी वक्त्यानं "अंतःकरण जड झालं आहे" म्हणायचं असतं. मी ते वाक्य पाठ करूनच आलो होतो. पण समोर आमची धनश्री बसली आहे, आणि बायकोसमोर खोटं बोलायची माझी हिंमत नाही. तर खरं सांगतो. बाई आल्यापासून मी त्यांच्यावर जळतोय.

का जळू नये? त्या शाळेत होत्या तेव्हापासून मी या गावात वाकडे गुडघे सरळ करतोय. गुडघ्याखालचं हाड कापायचं, पाचर मारल्यासारखं थोडं उघडायचं, पट्टी बसवायची, की पायाचा बाक जातो. पण कापलेलं हाड रक्त सोडणारच. पाय सुजतो, घोट्यापर्यंत काळानिळा पडतो, कधी आत रक्त साठून जखम चिघळते. मी नातेवाइकांना सांगायचो, "हे असं व्हायचंच."

बाई म्हणाल्या, "सर, का व्हायचंच?" आणि त्यांनी सुरू केलं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची आधीच चौकशी, चीर देण्यापूर्वी रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन, आणि टाके घालण्याआधी तेच औषध जखमेत. मी भर मीटिंगमध्ये टोकलं, "आणि पायात गुठळी होऊन ती छातीत गेली म्हणजे?" बाई म्हणाल्या, "ज्यांना तो धोका आहे त्यांना मी ते देतच नाही, सर." इतक्या शांतपणे! चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यात हे बन्सीशेठ. घोडेगावच्या गुरांच्या बाजारातले दलाल. यांचा उजवा गुडघा मी केला, डावा पुढच्या वर्षी बाईंनी. शेठ भर बाजारात धोतर वर करून दोन्ही दाखवतात. "ह्यो सायबांचा. चांगला हाय, पर लई दिस गाभण म्हशीवानी फुगल्ता. आन् ह्यो बाईंचा. सूज म्हनाल तर नावाला." आता सांगा, चालतात दोन्ही पायांनी, आणि कौतुक एकट्या डाव्याचं?

मग माणसं माझ्या दारात डोकावतात. "बाई हायत का?" मी म्हणतो, "मी आहे ना." "मंग बाई कवा येतील?"

मागच्या महिन्यात शेठ तपासणीला आले होते. मी वॉर्डातून येत होतो. बैल घेण्याआधी त्याला चालवून बघतात, तसे हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "सायेब, जरा माघारी चालून दावा." आणि मी चाललो! का चाललो, देव जाणे. शेठ म्हणाले, "बैल असता तर गिऱ्हाइकाला घेऊ दिला नसता."

हसा, हसा. गुडघा दुखतोय हे मला ठाऊक होतंच. एक्स-रे मी पुण्याला जाऊन गुपचूप काढला होता. आतली बाजू झिजली आहे, सांधा बदलण्याइतकी नाही. म्हणजे सरळच करून घ्यायचा. पण कुणाकडून? पुण्यात मित्र आहेत, मुंबईत गुरू आहेत. एकेकाचं नाव घेऊन पाहिलं. फिरून फिरून एकच नाव वर यायचं, आणि दर वेळी मला मिरच्या झोंबायच्या.

बाई, गुरुवारी मी थिएटर राखून ठेवलंय आणि पेशंटचं नाव सांगत नाही, म्हणून तुम्ही सकाळी माझ्यावर रागावलात. तो पेशंट मी आहे. धनश्रीलाही हे आत्ताच कळतंय, तिच्या चेहऱ्यावर दिसतंच आहे. नाशिकला जाण्याआधी एवढा गुडघा करून जा. हेवा गेलाय असं समजू नका. माझा पाय फुगला नाही, तर हेवा आणखी वाढणार आहे.

संयोजकांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभागृहानं सवडीनं पोटात घालावं. बाईंनी मात्र गुरुवारच्या आत.