पेटीत नसलेला हिरवा

माझ्या रंगाच्या पेटीत हिरवी ट्यूब का नसते, ते सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी चित्रकलेच्या कॉलेजात होतो. पुण्याहून बारा ट्यूबांची भारी पेटी घेतली आणि सुट्टीत ओझरला, मामाच्या मळ्यात, कांद्याचं शेत रंगवायला बसलो. हिरवी ट्यूब पिळली आणि पात गडद रंगवून टाकली. खुरपत असलेली मामी उठून मागं येऊन उभी राहिली.

"युरिया लई पडलाय रं ह्याला."

मी त्यात पिवळा मिसळला.

"आता करप्याचा रोग आला."

मला रागच आला. हिरवी ट्यूब बाजूला टाकली आणि समोरच्या वाफ्याकडं नीट बघत निळा, पिवळा अन् तांबड्याचा एक ठिपका असा नवाच हिरवा कालवला. मामीनं कागद हातात घेतला.

"ही मातूर आपली पात. पण तहानलीय."

"मला तर तसं काही दिसत नाही, मामी."

"दिसत न्हाई, मग काढलं कुणी?"

एवढं बोलून तिनं कागद परत दिला, आणि शेताकडं वळूनही न बघता विहिरीवरची पाण्याची मोटार चालू करायला गेली.