फरदडीचं पिंप

विलायतेतच यंत्रं सुधारतात म्हणणाऱ्या एका साहेबाशी माझी अकोल्यात गाठ पडली होती. मामांच्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात फरदड यायची, म्हणजे शेवटच्या वेचणीचा, वाळक्या पानांनी भरलेला कापूस. यंत्र सारखं अडकायचं. कॉलेजातून परत आल्यावर मी तारेच्या जाळीचं फिरतं पिंप बनवलं. कापूस आधी त्यात झटकायचा, मगच यंत्रात घालायचा. यंत्राचं अडकणं थांबलं.

विलायती यंत्र कंपनीचे साहेब मुंबईहून आले आणि पिंप बघून हसले. "तुम्ही कापूस पिकवा, यंत्रांचं आम्ही बघू. हे काढा, नाहीतर आमची हमी संपली."

मामा घाबरले. "काढून टाक बापू."

"काढतो मामा. पण मग यंत्र साहेबच चालवतील."

मी पिंप काढलं. साहेबांनी बाह्या सरसावून फरदड थेट यंत्रात ओतली. दुसऱ्याच टोपलीला यंत्र ठप्प झालं. नाकातोंडात धूळ गेलेले साहेब शिंकत ओरडले, "असला घाणेरडा कापूस मुंबईत कधी पाहिला नाही!"

"म्हणूनच ही जाळी मुंबईत कोणाला सुचली नाही," मी म्हटलं.

मामा साहेबांना पाणी देऊन माझ्यावर खेकसले, "पाहून काय राहिला? बसव तुयं पिंप! आन बाजूच्या यंत्रालेबी एक बनव."