ऐकणारं पोर्ट

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीच्या रांगेत एक कंप्युटरवाला मोबाईलवर घसा फोडत होता.

“निशा, मेसेजची रांग तुंबलीय! तो सर्व्हर कुठल्या पोर्टवर ऐकतोय, तेवढं शोध!”

मागे महादेवकाका उभे होते. बंदरासाठी मिठागर गेल्यापासून ‘पोर्ट’ म्हटलं की त्यांच्या डोक्यात तिडीक जाई.

“पोर्टावर कोन आयकत नाय, भाऊ.”

“काका, हे कंप्युटरचं पोर्ट. इथे मेसेज पाठवायचे असतात.”

“आमी पन पाठवलं. अर्ज दिलं, मोर्चं नेलं.”

“तसं नाही हो. आमचा सर्व्हर ऐकतो. फक्त नेमका कुठे, तेच कोणाला सापडत नाहीये.”

“मंग तो सर्व्हर नाय, सायेब हाय.”